देवाच्या वाटणीची कांडी

दात दुखला नाही. कांडीचा तुकडा चावला, तोंड उघडायला गेले, तर खालचा पुढचा दात त्या चिकट पाकात रुतून अलगद बाहेर आला. रक्तसुद्धा नाही. हातातल्या पिवळट कांडीत तो उभा होता, पेरलेल्या बीसारखा. समोर गावच्या तिसऱ्या जाऊबाई, माझ्या चुलत जाऊ, बसल्या होत्या. त्यांनी आधी दाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि पोट धरून हसल्या. "छाईपिंग, अगं देवाचं तोंड बंद करायचं सोडून तूच उघडं करून बसलीस!" त्यांना स्वतःला वर दोन आणि खाली एक एवढेच दात. म्हणूनच कांडी माझ्यापुढे सरकवून त्या नुसत्या चहा पीत होत्या. आज आमच्या चांद्र पंचांगातल्या बाराव्या महिन्याची तेवीस तारीख. चुलीचा देव आज वर जातो आणि घरात वर्षभर काय काय झालं ते सांगून येतो, म्हणून त्याच्या तोंडाला राळ्याच्या पाकाची कांडी फासायची. माझ्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात देव नाही आणि चूलही नाही. गॅसची शेगडी आहे, कारखान्याने दिलेली. मुलगा त्याच कारखान्यात आहे. गॅलरीत कोबीचे ढीग, त्यांच्यावर थाययुआनच्या धुराड्यांची काजळी. जाऊबाई गावाहून डोळे दाखवायला शहरात आल्या होत्या आणि येताना फडक्यात बांधून ही कांडी घेऊन आल्या होत्या. मी ती चावली ती केवळ त्यांच्या मानाखातर. निदान मी तसं समजत होते.

जीभ आपोआप त्या खळग्यात जात होती. आत मऊ, खारट, पोकळ. भिंतीत भगदाड पडलं की हात तिथेच जातो तसं. आणि गावच्या घरातलं एक भगदाड मला लगेच आठवलं, कारण जाऊबाई खरं तर आल्या होत्या त्याच वेळच्या गोष्टीसाठी. बाई कांडी देऊन थांबणाऱ्यातल्या नव्हेत. उन्हाळ्याआधी आमच्या गावचा, शीगोउचा ओढा रुंद करणार आहेत. ओढ्याकाठची थडगी हलवायची. ओढ्याकाठी थडगं एकच आहे, माझ्या सासूचं. आमच्या गाओ घराण्याच्या थडग्यांच्या जागेत तिला पुरू दिलं नव्हतं. आता घराण्यातली म्हातारी मंडळी म्हणतात, जुनं झालं सगळं, आणायचं तर आणू तिला आत. फक्त काही तरी बोलायला हवं. उगाच कसं आणणार? आणि ते काही तरी बोलू शकेल असं माणूस गावात एकच उरलं आहे, तिसऱ्या जाऊबाई. तेव्हाही त्याच बोलल्या होत्या.

"मी सगळं जमवून आणलंय," जाऊबाई म्हणाल्या. "मी म्हणणार, माझी नजर तेव्हा तरणी होती, मी खिडकीतून पाहिलं, त्या भुताने म्हातारीच्या छातीला बंदूक लावली होती. म्हणून तिने त्याच्या तोंडात कांडी घातली. झालं. तू फक्त मान हलव. तू घरात होतीस, तुझी मान पुरे."

"बंदूक नव्हती."

"मला माहीत नाही का नव्हती ते? तू मान हलव."

मी चहा ओतला. मला राग आला की माझे हात स्थिर होतात, ही सासूची देणगी. भुतं म्हणजे जपानी. आम्ही त्यांना दुसरं नाव कधी दिलं नाही, आणि आज मुलाच्या कारखान्यात त्यांचे इंजिनियर कोट घालून येतात, त्यांच्यासाठी फुलांच्या कुंड्या मांडतात, तरी मी त्यांना मनात तेच म्हणते. मी काही क्षमा वाटत फिरणारी बाई नाही. पण नसलेली बंदूक असलेली म्हणायची, हे मला कांडीपेक्षा चिकट वाटलं. आमच्या गावावर खऱ्या बंदुका काय कमी रोखल्या गेल्या, की आता खोट्या उसन्या आणायच्या?

लढाईच्या त्या हिवाळ्यात टेकडीवर जपान्यांचा बुरूज अर्धा बांधून झाला होता आणि थंडीने चुना धरत नव्हता, म्हणून शिपाई गावात घराघरांत राहिले. बुरूज आम्हीच बांधत होतो, गावाचेच पुरुष, गावाच्याच विटा. आमचं घर ओळीत शेवटचं आणि स्वयंपाकघर मोठं, म्हणून त्यांचा स्वयंपाकी आमच्या वाट्याला आला. आम्ही खालून धूर फिरणाऱ्या विटांच्या ओट्यावर झोपायचो, तो दाराशी, गवतावर. बुटका, जाड मानेचा, हाताला चिरा पडलेला. त्याने आपलं नाव सांगितलं होतं, छातीवर बोट ठेवून, दोन-तीनदा. सासूला ते बोलता आलं नाही आणि तिने फार प्रयत्नही केला नाही. त्याच्या कमरेला लोखंडी पळी लटकत असायची, म्हणून ती त्याला पळी म्हणायची. "ए पळी, राख काढ." "ए पळी, माझ्या शिरक्याच्या घड्याला हात लावशील तर बघ." त्याला कळायचं नाही, पण तो राख काढायचा. आम्ही दोघी तिघांचं जेवण एका बाजूच्या तव्यावर करायचो आणि तो मोठ्या कढईत त्यांच्या माणसांचं. चूल एकच. सरपणही एकच, आमचं. तो आपल्या कढईत काय शिजवतो हे सासू नाक उडवून सांगायची, "याला शिरका माहीत नाही, जेवणात आंबट कसलं ते माहीत नाही. शिरक्याशिवाय खातात, म्हणून अशी माणसं मारत फिरतात."

तो चांगला होता असं मी म्हणणार नाही. ते म्हणण्याची आता फॅशन येईल, येऊ दे. नदीपलीकडचं गाव जाळलं त्या दिवशी तोही गेला होता, कढई खेचरावर लादून. परत आला तो खांद्यावर लहान मुलाची लाल गोधडी टाकून, आणि त्या रात्रीपासून ती अंगावर घेऊन झोपू लागला. पाय बाहेर राहायचे. सकाळी ती घडी करून ठेवायचा, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. सासू त्या घडीकडे बघायची आणि तिचा जबडा हलायचा. मला तेव्हा चौथा महिना होता. त्या गोधडीला शिंप्याने लावलेलं डाळिंबाचं फूल अजून माझ्या डोळ्यांपुढे येतं, बाजारात लाल कापड पाहिलं की येतं, आणि मी मुलाच्या मुलीसाठी कधी लाल गोधडी शिवू दिली नाही. सुनेला वाटतं म्हातारीचं डोकं फिरलं आहे.

आता बियाणं. शरदात राळे निघाले तेव्हा दर घरी येऊन धान्य मोजून नेलं जात होतं आणि उरलेलंही पुढे नेतील हे सगळ्यांना दिसत होतं. खायला नाही तर माणूस साली खातो, मुळं खातो. पण पेरायला नसलं की गाव संपलं. माझा नवरा मानत्सांग म्हणाला, उत्तरेची भिंत पोकळ करू. ती थंड राहते, बी भाजणार नाही. तिथेच चुलीच्या बाजूला चुलीच्या देवाचं चित्र होतं. त्याने ते वाफेवर भिजवून अलगद सोडवलं, भिंत कोरली, राळ्याचं बियाणं आत ओतलं, तोंड मातीने लिंपलं आणि वर देव पुन्हा चिकटवला. देव आणि देवाची बायको, शेजारी शेजारी बसलेले, काजळीने काळे झालेले. शेतकऱ्याच्या घरात त्या चित्राला कोण हात लावणार? आम्ही तिघं इतके खूश होतो की त्या दिवशी सासूने शेवयांत दोनदा शिरका घातला.

आणि आम्हा तिघांपैकी एकालाही आठवलं नाही, की देव तेवीस तारखेला जातो.

हसू येतं ना? जाऊबाईंना मी आज हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. पण त्या वेळी, बारावा महिना लागल्यावर, एका सकाळी सासू पीठ मळता मळता थांबली आणि म्हणाली, "छाईपिंग, हा जाणार आहे." मला वाटलं पळीबद्दल बोलते आहे. तिने पिठाच्या बोटाने चित्राकडे दाखवलं. तेवीसला चित्र भिंतीवरून उतरवायचं, जाळायचं, आणि नवं चिकटवायचं ते वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी. मधले सगळे दिवस भिंत उघडी. आणि भिंतीवर नव्या मातीचं ठिगळ. "या वर्षी नको पाठवू या त्याला," मानत्सांग म्हणाला. सासूने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाहेर निघून गेला. पण त्यात नुसती भक्ती नव्हती. त्यांच्याबरोबर एक दुभाष्या होता, आपल्याच मुलखाचा, तुपकट केसांचा. तो सणासुदीला घराघरांतून हिंडून खाऊ उकळायचा. एका घरात तेवीसच्या संध्याकाळी जुना देव तसाच भिंतीवर दिसला असता, तर जपानी माणसाला काही कळलं नसतं. त्याला कळलं असतं.

म्हणून तेवीसला देवाला पाठवायचं आणि ठिगळाला काजळी फासायची असं ठरलं. त्या वर्षी कांडी गावात कुणाकडे नव्हती. पाक करायला राळे कुठून आणायचे? सासूने आपल्या लग्नातली केसांतली चांदीची काडी देऊन खालच्या गावाहून एकच कांडी आणली, बोटभर. दुपार कलली होती. पळी चुलीपाशी कढईत ढवळत होता. ती त्याच्या बाजूने पुढे सरकली, जसं रोज सरकायची. एका हातात कांडी, जाळावर धरून मऊ केलेली. दुसऱ्या हाताने तिने चित्राचा कोपरा ओला केला. आधी तोंडाला फासायचं आणि मग काढायचं, असा रिवाज. पण कागद ओला होताच आपल्या वजनाने सुटला आणि त्याच्याबरोबर मातीचा पापुद्रा आला. आत उंदराने पोखरलं होतं, ते आम्हाला माहीत नव्हतं. भिंतीतून राळे सांडू लागले. सळसळ. अगदी बारीक धार, पिवळी, चुलीच्या कडेवर. तो आवाज मी अजून ऐकते. शहरात नळाखाली तांदूळ धुताना सुनेच्या हातून तो येतो आणि मी खोलीतून उठून बाहेर जाते.

पळीने मान वळवली. शेतकऱ्याचा मुलगा असावा, कारण त्याने धारेकडे पाहिलं नाही, आधी चुलीवर पडलेले दाणे बोटाने उचलले आणि डोळ्यांजवळ धरले. खाण्याचे नव्हेत, निवडलेले, पेरणीचे, हे त्याला तिथेच कळलं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. बाहेर अंगणात दोन शिपाई लाकडं फोडत होते. त्याने तोंड उघडलं. काय बोलणार होता कुणास ठाऊक. सासूने मागचापुढचा विचार केला नाही. देवासाठी मऊ केलेली ती कांडी, अख्खी, तिने त्याच्या उघड्या तोंडात घातली आणि हाताने त्याची हनुवटी वर दाबली. जसं मूल औषध थुंकेल म्हणून दाबतात. क्षणभर दोघं तसेच उभे. त्याचे गाल फुगलेले, तिचा सुरकुतलेला हात त्याच्या हनुवटीखाली. मग त्याचे डोळे हसल्यासारखे झाले. हसला की गरम पाकाने टाळू भाजला, मला सांगता येणार नाही. त्याने चुलीच्या बाजूचं ज्वारीच्या ताटांचं झाकण उचललं आणि देवाच्या जागेच्या वर असलेल्या खिळ्याला, भगदाड झाकेल असं, टांगलं. ओल्या मातीचा एक गोळा करून आधी धार बंद केली, हेही सांगते. मग पुन्हा ढवळू लागला. सासूने देवाला तसाच जाळला, कोरड्या तोंडाचा.

कांडी त्याच्या तोंडात गेली तेव्हाच दारात कुणी तरी होतं. तिसऱ्या जाऊबाई, निखारे मागायला आलेल्या, खापरी हातात. दारातून त्यांना भिंत दिसत नव्हती. दिसला तो फक्त हात, आणि भुताचं फुगलेलं तोंड.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणून कुणी सांगत नाही. वर्ष संपायच्या आत झडती झाली. जाऊबाईंच्या सासऱ्यांनी आपल्या तयार करून ठेवलेल्या शवपेटीत दोन घडे धान्य लपवलं होतं, ते सापडलं. त्यांना अंगणात मारलं. वसंत लागायच्या आधी ते त्याच शवपेटीत गेले. आमच्याकडे दुभाष्या आला, ओटा ठोकला, जमीन ठोकली, स्वयंपाकघरात शिरून भिंतींवर काठी आपटायला लागला. पळी त्याच्यावर ओरडला. काय ओरडला? आम्हाला भाषा कळत नव्हती. पण हातवारे असे होते, की धूळ उडते आहे, कढईत पडते आहे, चालता हो. दुभाष्या गेला. झाकण खिळ्यावर हलत राहिलं. मी कित्येक वर्षं विचार केला, त्याने असं का केलं. बियाणं म्हणून? की भिंत फोडली तर चूल मोडेल आणि त्याला बर्फात उघड्यावर स्वयंपाक करावा लागेल म्हणून? की नुसता त्या दुभाष्याचा तिटकारा? लाल गोधडी पांघरणाऱ्या माणसाबद्दल मला सुंदर कारण सापडलं नाही. मी शोधणं सोडलं.

पेरणीला मानत्सांगने रात्री ओळीतल्या घराघरांत बियाणं वाटलं. विचारू नका म्हणाला. कुणी विचारलं नाही. त्या वर्षी आमच्या ओळीत राळे उभे राहिले. खाल्ले सगळ्यांनी. आणि लढाई संपल्यावर, मानत्सांग सैन्यात गेला आणि परत आला नाही त्यानंतर, खळ्यावर सभा भरली तेव्हा खाल्लेल्या तोंडांनीच विचारलं, कुणाचं घर झडतीत सुटलं? जाऊबाई उभ्या राहिल्या. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या घरून माणूस गेलं होतं. "हिने भुताच्या तोंडात आपल्या हाताने गोड घातलं. मी पाहिलं." फितूर म्हणून सासूच्या डोक्यावर टोपली ठेवली. विचारलं, घातलं का? ती म्हणाली, "घातलं." एवढंच. मी उठायला लागले तर तिने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. घरी आल्यावर म्हणाली, "भिंतीचं त्यांनी कुठं विचारलं?" आणि मग, चुलीकडे पाठ करून, "देवाच्या वाटणीचं मी माणसाला दिलं. तो उघड्या तोंडाने वर गेला. त्याने सांगायचं ते सांगितलं. हे असं होणारच होतं." दुष्काळाच्या वर्षी ती गेली तोवर गावात तिचं नाव कांडीवाली होतं. लहान मुलं मागून तोंड फुगवून चालायची.

हे सगळं मी आज जाऊबाईंना सांगितलं. पडलेल्या दाताच्या फटीतून हवा जात होती, काही शब्द शिट्टीसारखे येत होते. आधी बियाण्याचं सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"म्हणजे ते बियाणं तुमचं होतं?"

"तुम्हाला काय वाटलं?"

"सगळ्यांना वाटलं, त्याने दिलं. कांडीच्या बदल्यात. आम्हाला वाटलं आम्ही भुताचं पेरतोय. तरी पेरलं. पोरं होती."

"मग सभेत तेवढं सांगायचं होतंत."

"कसं सांगणार? मीही खाल्लं होतं ना."

त्यांनी तोंड गॅलरीतल्या कोबीकडे वळवलं. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे रडल्या की नाही ते कळत नाही. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "हे बघ, तुझं खरं असेल. पण मंडळींना बंदूक पटेल. भिंत, देव, उंदीर, पळी... कोण ऐकतं एवढं? आणि शेवटी विचारतील, तो गप्प का बसला? मग काय सांगायचं?"

"माहीत नाही म्हणायचं."

"माहीत नाही म्हटल्यावर म्हातारी आत येईल का?"

खरं बोलत होत्या. मला ते ठाऊक होतं. मान हलवली असती तर सासू वसंतात आपल्या माणसांशेजारी निजली असती, ओढ्याचं पाणी डोक्याशी घेऊन नव्हे. मी तिची सून, तिला ती जागा मी द्यायची की नाही? जीभ पुन्हा खळग्यात गेली. गावाला आता एक स्वच्छ म्हातारी हवी होती. थरथरणारी, छातीला बंदूक लावलेली, जिच्या हाताने काही केलंच नाही. ती आत आली असती तर दुसरीच कुणी तरी आली असती. माझी सासू, जिने अंगणात शिपाई असताना शत्रूच्या जबड्याखाली हात लावून त्याचं तोंड मिटवलं, ती ओढ्यातच राहिली असती. आणि यंत्राने तिला उपसून काढलं असतं.

"मी उद्या येते तुमच्याबरोबर," मी म्हणाले. "मंडळींपुढे मीच बोलते. नाही घेतलं आत, तर मी तिला इथे घेऊन येईन. गॅलरीत कोबीशेजारी ठेवीन. शिरक्याचा घडा आहे तिथे, तिला बरं वाटेल."

"वेडी आहेस."

"आहे."

जाऊबाईंनी टेबलावरची कांडी जवळ ओढली. माझा दात अजून तिच्यात उभा होता. त्यांनी नखाने तो सोडवून काढला, माझ्या बशीत ठेवला. खालचा दात छपरावर फेकायचा असतो, पण आमच्या वर आणखी दोन मजले आहेत. मग उरलेल्या कांडीचा एक तुकडा मोडून त्यांनी तोंडापर्यंत नेला. मी बघत होते. तुकडा ओठांपाशी थांबला, खाली आला. त्यांनी तो परत फडक्यात ठेवला, चारही टोकं जुळवून गाठ मारली, घट्ट, आणि गाठोडं आपल्या कोटाच्या आत, पोटाशी सारलं.

"परवा खाऊ," त्या म्हणाल्या. "सांगून झाल्यावर." आणि थोड्या वेळाने, जणू पाठ करून ठेवत असल्यासारखं, माझ्याकडे न बघता, "बंदूक नव्हती. पळी होती. लोखंडी. ती मी पण पाहिली होती."